ताईच्या गाडीचा पट्टा

माझी थोरली बहीण घरोघरी जाणारी नर्स. म्हाताऱ्यांच्या जखमा बांधायच्या, रक्तदाब घ्यायचा आणि वहीत आकडा लिहायचा, हे तिचं काम. एका आजोबांनी एकदा तिला म्हटलं, "कालचाच आकडा टाका की, मी कुठे बदलतोय?" ताई म्हणाली, "मोजल्याशिवाय मी काही लिहीत नाही. कालचे आजोबा वेगळे होते, आजचे जास्त बोलतायत." आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. अक्षरही तिनंच गिरवून घेतलं.

त्याच अक्षरावर माझं गॅरेज चालतं. टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारा पट्टा. तो कव्हरच्या आत असतो. आवाज नाही, कुरकुर नाही, आणि तुटला की इंजिनाची आतून वाट लावतो. म्हणून ठरलेले किलोमीटर किंवा ठरलेली वर्षं, जे आधी भरेल तेव्हा बदलायचा, नुसतं बघून ठरवायचं नाही. हे मी गिऱ्हाइकांना त्यांचे कान किटेपर्यंत ऐकवतो. बदलला की तारीख आणि किलोमीटर लिहिलेला स्टिकर बॉनेटच्या आत लावतो. नंतर हात काळे होतात म्हणून दिवसभराचे स्टिकर मी सकाळीच लिहून ठेवायचो.

ताईची गाडी फार फिरलेली नव्हती, पण पट्ट्याची वर्षं भरली होती. घरचं काम म्हणून मी ती शेवटी घेतली. आधीच्या गाडीनं सगळा दिवस खाल्ला आणि पाच वाजता ताई दारात उभी. मी वरचं कव्हर सरकवून पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला. चीर नाही, धागा सुटलेला नाही. जगाला शहाणपण शिकवणाऱ्या मी बघून ठरवलं की अजून चालेल, पुढच्या आठवड्यात बोलावून बदलू. स्टिकर लिहिलेला होताच. ताईनं काही विचारू नये म्हणून तो चिकटवला आणि नव्या पट्ट्याचा खोका फळीवर ठेवून दिला.

तो पुढचा आठवडा काही उजाडला नाही. आठ महिन्यांनी भर चौकात ताईची गाडी बंद पडली. ती पिशवी खांद्याला लावून उरलेलं अंतर चालत गेली, पेशंटची जखम बांधली आणि मग मला फोन केला. गाडी ओढून आणून मी कव्हर काढलं तर पट्ट्याचे दोन तुकडे. व्हॉल्व्ह वाकले असणार, हे वेगळं बघायला नको होतं.

"आठ महिन्यांत तुटला?" ताई मागून म्हणाली. "म्हणजे पट्टा विकणाऱ्यानं तुला खराब माल दिला. चल."

"राहू दे ताई, मी बघतो."

"तू भिडस्त. तू काही बोलणार नाहीस."

मी हात पुसले आणि मुकाट्यानं तिच्या मागे गेलो.

सुट्या भागांच्या दुकानात तिनं तुटका पट्टा काउंटरवर ठेवला आणि आवाज न चढवता दुकानदाराला चांगलं फैलावर घेतलं. "रस्त्यात माझं काही बरंवाईट झालं असतं म्हणजे? आणि माझ्या भावाच्या नावाला बट्टा लागला तो वेगळाच." साठीच्या त्या माणसानं चष्मा लावून पट्टा उलटसुलट केला. पाठ झिजून गुळगुळीत, कडा उसवलेल्या. तो पट्टा किती जुना, हे त्याला तेवढ्यावर कळलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"चुकलं माझं, बाई," तो ताईला म्हणाला. "दुसरा देतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईनं नवा खोका माझ्या हातात दिला. "बघ, बोललं की काम होतं."

गॅरेजमध्ये येऊन मी तो फळीवर ठेवायला गेलो. तिथे पहिला खोका होता, तस्साच, वर धूळ. हातातला पुढे सरकवला असता तर तो झाकला गेला असता. क्षणभर सरकवलाही. मग धुळीचा खोका खाली काढून ताईसमोर ठेवला.

"हा तुझ्या गाडीचा, ताई. मी बदललाच नव्हता."

तिनं खोका पाहिला, बॉनेटखालचा स्टिकर पाहिला. एक थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "त्या माणसाला मी काय काय बोलले रे." दुकानदाराचा खोका तिनं माझ्याकडून घेतला.

"मी येतो."

"तू नको."

माझ्या वाटची माफी तीच एकटी जाऊन मागून आली. मी दुसऱ्या दिवशी गेलो, तेव्हा दुकानदार म्हणाला, "बाईंनी सांगितलं सगळं. बसा." मला बसवेना.

इंजिन दुरुस्त व्हायला बारा दिवस लागले. पट्टा चढवायच्या दिवशी ताई आली. इतकी वर्षं ती बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसायची, आत कधी डोकावली नव्हती. त्या दिवशी तिनं स्टूल ओढून बॉनेटशी ठेवलं आणि कव्हरचा शेवटचा बोल्ट आवळेपर्यंत माझ्या हातांवरची नजर काढली नाही.

मी हात पुसून पेन उचललं. तिनं हात पुढे केला. मीटरवरचा आकडा स्वतः बघून आली आणि स्टिकर तिनंच लिहिला.

आता तिची गाडी आली की मी बॉनेट उघडतो. लांबून पाहिलं तर स्टिकरवरचं ते माझंच अक्षर वाटतं.