मुद्देमालातलं चंदन

ती घटना मला रोज सकाळी सहाण धुताना आठवते.

तेव्हा मी मेहकर तालुक्यात ठाणेदार होतो. जानेफळकडच्या एका आजींच्या शेताच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, चंदनाचं झाड चोरट्यांनी कापून नेलं होतं. झाड त्यांनी पोरासारखं वाढवलेलं. तिसऱ्या दिवशी खबऱ्याचा फोन आला, "साहेब, हिवरा आश्रमाच्या रस्त्यावर एक जण चंदनाची खोडं विकून राह्यला. वास पार एसटी थांब्यापर्यंत येते."

आम्ही पंचनामा करून खोडांची टोपली जप्त केली आणि विक्रेत्याला ठाण्यात आणलं. पन्नाशीचा, नाकासमोर चालणारा माणूस दिसत होता. मुद्देमालाच्या वासानं हवालदार म्हणाले, "साहेब, ड्युटीवर नाही, लग्नात आल्यासारखं वाटून राह्यलं."

लाकूड कुठून आणलं, याचं उत्तर तो देईना. मी म्हणालो, "मग तपासायला पाठवतो." तसा तो घाईनं बोलला, "कायले पाठवता? लिहून घ्या. म्याच तोडलं झाड."

पोलिसासमोरची कबुली कोर्टात टिकत नाही. शिवाय झाड कोणत्या धुऱ्यावर होतं, ते त्याला सांगता येईना.

दुपारी जेवायला घरी गेलो. बायकोनं विचारलं, "अत्तर लावलं का?"

"मुद्देमाल आहे. चंदन."

"अहो, चंदन एवढा गलका नाही करत. उगाळल्याशिवाय तोंड नाही उघडत ते." तिनं देवघरातली सहाण माझ्या हातात दिली.

आजींना ठाण्यात बोलावून घेतलं. पंचांसमोर त्या टोपलीतलं एक खोड उगाळायला बसल्या. पहिल्या चार वेढ्यांना घमघमाट सुटला. वरचा थर झिजला आणि वास गेला. खाली नुसतं ओलं लाकूड. आजी म्हणाल्या, "हे माह्यं झाड नाही. हे तं चुलीतलं सरपण हाय. काऊन रे बाबू, उगाच चोर बनून राह्यला?"

मग त्यानं खरं सांगितलं. लाकडं तो बाजारातल्या चंदनाच्या अर्कात भिजवायचा. पोरीची सोयरीक नुकतीच जमली होती आणि त्यातलंच एक खोड त्यानं विहिणीच्या देवघरात अस्सल म्हणून दिलं होतं. "चोर म्हटलं तरी चालन साहेब. माल तं खरा होता, असं म्हणतील. लबाड म्हटलं तं सोयरीक तुटते."

आजी दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. चोरांनी जमिनीत सोडलेल्या मुळाचा हातभर तुकडा त्यांनी त्याच्यापुढे ठेवला. "हे इहिणीले दे. अन् खरं सांग."

चोरीच्या गुन्ह्यातून आम्ही त्याला वगळलं आणि अर्काच्या बाटल्या त्याच्याच हातानं नालीत ओतायला लावल्या. पंधरवड्यात खरे चोर सापडले. त्यानंतर तो लग्नाची पत्रिका घेऊन ठाण्यात आला.

"इहीण काय म्हणाली?" मी विचारलं.

तो लाजला. "हसली साहेब. म्हणे, मले पहिल्याच दिवशी उगाळल्यावर समजलं. सोयरीक म्या पोरगी पाहून केली, खोड पाहून नाही."

वास फार लवकर आला की मी थांबायला शिकलो ते तिथून. आयती आलेली कबुली मी पुढे नेहमी थोडी झिजवून पाहिली. त्यामुळे एक-दोन निरपराध माणसं घरी जाऊ शकली.

बायको मागच्या वर्षी गेली. त्या तपासानंतर मी सहाण घरी परत नेली, तेव्हा तिनं ती तीनदा धुतली होती आणि तरी अर्काचा वास जात नाही म्हणून दोन दिवस कुरकुरत होती. आता मीच उगाळतो. माझं गंध फार पातळ होतं. तिनं पाहिलं असतं, तर तपास पुन्हा करायला लावला असता.