तिकमीच्या अकरा हाका

बरशाई गावात लोक म्हणतात की, माघात देव स्वर्गात जातो तो देवांच्या सभेसाठी वगैरे नाही, तिकमीच्या आवाजापासून चाळीस दिवस सुट्टी मिळावी म्हणून जातो. ती स्वतःसुद्धा हे हसत हसत सांगते. खोटं कशाला बोला, आवाजच तसा आहे. शेसराम, तिचा नवरा, वरच्या कुरणावर मेंढ्या घेऊन असायचा तेव्हा ती अंगणात उभी राहून एक हाक द्यायची आणि तो मधले दोन डोंगर उतरून जेवायला हजर व्हायचा. शेजारच्या बायका म्हणायच्या, तुझ्या घरी घड्याळ कशाला हवंय?

शेसराम छातीच्या दुखण्याने गेला त्याला सहा वर्षं झाली. मुली सासरी नांदतात. हाक मारायला घरात माणूसच उरला नाही, तेव्हापासून तिकमीच्या पायाला भिंगरी लागली. गोठ्यातून अंगणात, अंगणातून पाणवठ्यावर, तिथून कुणाच्या तरी दारात. उन्हाळ्यात वरच्या दोन खोल्यांत पाहुणे ठेवते, त्यांच्याशी बोलून बोलून त्यांचा जीव नकोसा करते, आणि तरी ते पुढच्या वर्षी परत येतात.

माघ मात्र तिला सोसत नाही. संक्रांतीला देव गेला की गाव मुकं होतं. देवळाच्या फरशीवर ओल्या मातीचा थर लावून दार बंद करतात. मग चाळीस दिवस कुणी मोठ्याने बोलायचं नाही, टीव्ही लावायचा नाही, जमीन खणायची नाही. गाईच्या गळ्यातल्या घंटेतसुद्धा लोकर कोंबतात. देव परतल्यावर मातीचा थर उचलतात आणि खाली काय निघतं ते बघतात. फूल निघालं तर वर्ष सुखाचं, कोळसा निघाला तर आग लागणार, लोकर निघाली तर मेंढ्यांवर संकट. मधे कुणी गोंगाट केला तर देव अर्ध्या सभेतून रागाने उठून येतो, आणि मग काय निघेल ते सांगायलाच नको.

या दिवसांत गावात कुणी पाहुणा घेत नाही. यंदा तिकमीने घेतला. घर खायला उठत होतं, दुसरं कारण नाही. पाहुणा कलकत्त्याचा, निरंजन सान्याल नावाचा, सत्तरीला टेकलेला, कानटोपीतून फक्त नाक बाहेर. फोनवर म्हणाला होता, मला शांतता हवी आहे. तिकमी मनात म्हणाली, बाबा रे, तुला हवी तेवढी घेऊन जा. आल्याबरोबर तिने त्याला कुजबुजून सगळे नियम सांगितले. हाक मारायची नाही, ओ द्यायची नाही, पडलात तरी मुकाट्याने पडा.

दहाव्या दिवशी सकाळी तुपात बुडवलेले दोन सिड्डू खाऊन सान्यालबाबू वरच्या कुरणाकडे फिरायला निघाले. बारापर्यंत येतो म्हणाले. अकरालाच धुकं उतरलं आणि पाठोपाठ बर्फ.

बारा वाजले, एक वाजला. तिकमीने चूल चारदा सारखी केली. अंगणाच्या टोकापर्यंत जायची, पांढऱ्या भिंतीकडे बघायची आणि परत यायची. घशाशी हाक येऊन थांबली होती, ती गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. दोन वाजता तिने लोकरीचा पट्टू अंगावर घेतला आणि कारदाराचं घर गाठलं. देवळाचा कारभार बघणारा कारदार म्हणजे झाबेराम, तिचाच चुलत दीर.

त्या दिवशीचं भांडण गावात अजून सांगतात, कारण ते पूर्ण कुजबुजत झालं. दोघांच्या मानेच्या शिरा फुगलेल्या आणि आवाज मांजरीच्या पावलाएवढा.

"भाभी, पाहुणा घेऊ नको म्हटलं होतं की नाही?"

"घेतला. आता काय त्याला वर ठेवून देऊ?"

"चार माणसं देतो. तू पण जा. शोधा. पण मुकाट्याने."

"धुक्यात मुकाट्याने काय शोधणार? हात फिरवून?"

"शंभर घरं आहेत, भाभी. एका बंगाल्यासाठी शंभर घरांचं वर्ष पणाला लावायचं नाही."

तिकमीच्याही सतरा मेंढ्या होत्या. लहानपणी एकदा कोळसा निघाला होता आणि त्या उन्हाळ्यात खालची आळी जळाली होती, ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. ती चार माणसांबरोबर निघाली.

पावलांचे ठसे बर्फाने कधीच पुसले होते. काठ्या टेकत, एकमेकांचा पट्टू धरत पाच जणं दोन तास फिरली. कुरणाच्या खाली नाल्याचा कडा आहे. धुक्यात गेलेलं माणूस नेमकं तिकडेच जातं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. उजेड कमी होऊ लागला तेव्हा सगळ्यात पुढच्या माणसाने मान हलवली, चला परत.

तिकमी थांबली. इकडे आड, तिकडे विहीर. एकीकडे देव, एकीकडे कानटोपी. मग तिने तोंडाभोवती दोन्ही हात धरले.

"ओ सान्यालबाबूऽऽऽ!"

चौघे जागच्या जागी खाली बसले. आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत आला आणि खाली गावात उतरला. ओ आली नाही. तिने दुसरी हाक मारली, तिसरी मारली. एकदा मोडलंच आहे तर आता मागे कशाला राहायचं? आणि खरं सांगायचं तर सहा वर्षांनी घसा मोकळा झाला होता. ती घाबरली होती आणि छातीत कुठेतरी बरंही वाटत होतं, या दुसऱ्या गोष्टीची तिला नंतर फार लाज वाटली. दहाव्या हाकेला आवाज चिरकला. अकराव्या हाकेनंतर तिने ओळखलं की माणूस गेला, आणि ती बर्फात मटकन बसली.

तेवढ्यात तिच्या खांद्यावर हात पडला. सान्यालबाबू. भुवयांवर बर्फ, ओठ निळे, आणि त्या ओठांवर बोट.

"शू," ते कुजबुजले. "दीदी, तुम्हीच सांगितलं होतं ना, ओ द्यायची नाही."

देव गावात नाही, म्हणजे गूराच्या, देवळातल्या भगताच्या, अंगात येऊन कोण निवाडा देणार? झाबेराम आणि म्हाताऱ्यांनीच बसून ठरवलं. हाका अकरा, त्या सगळ्या गावाने मोजल्या होत्या. देव परत येईपर्यंत तिकमीने एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही. तीस दिवस.

तिसऱ्या दिवशी बाबू कलकत्त्याला परतले. तिने अक्रोडांची पिशवी त्यांच्या हातात कोंबली आणि मान फिरवली. आठवड्याने त्यांचा फोन आला. फोन मुकाच होता, नुसता उजेड लुकलुकला. तिने कानाला लावला. पलीकडून बाबू म्हणत होते, "दीदी, बोला ना. रागावलात? काहीतरी बोला." ती ओठ आवळून ऐकत राहिली. शेवटी त्यांनीच फोन ठेवला.

बोलणं बंद झालं की माणूस विचार करतो, आणि तिकमीला ती सवय नव्हती. पण तीस दिवस हाताशी होते. तिच्या लक्षात आलं की हा माणूस दहा दिवसांत एकदाही नियमाने वागला नव्हता. दाढी करताना गाणं म्हणायचा, गाईशी मोठ्याने बोलायचा, शिंकला की छपरावरचा बर्फ पडायचा, आणि ती धावून दारं लावायची. आणि मरायला टेकल्यावर याला नियम आठवला?

फाल्गुनात देव आला. देवळाचं दार उघडलं, मातीचा थर उचलला, गूराने वाकून पाहिलं. चिमूटभर लोकर. सगळ्या गावाच्या माना तिकमीकडे वळल्या. तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

झाबेराम घसा खाकरून म्हणाला, "लोकर काय, दर तीन वर्षांनी निघते." मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "बोल आता, भाभी."

ती कुणाशीच बोलली नाही. घरी आली आणि तिने कलकत्त्याला फोन लावला.

"पहिली हाक ऐकू आली होती का?"

"आली होती."

"मग ओ का दिली नाही? नियमाचं सांगू नका."

"बायको जाऊन नऊ वर्षं झाली, दीदी. मुलगा मेसेज पाठवतो. नावाने हाक कुणी मारत नाही. तिथे बर्फात बसलो होतो, उठायचं मनातून गेलं होतं. तुमची हाक आली, तसा उठून आवाजाच्या मागे चालायला लागलो. ओ दिली असती तर तुम्ही थांबला असता."

तिकमीला एवढा राग आला की फोन भिंतीवर आपटावासा वाटला. एका हाकेत भागलं असतं. दहा हाका या माणसाने फुकट मारून घेतल्या होत्या, आणि वर लोकर निघाली होती. तीस दिवसांच्या शिव्या तिने एका दमात घातल्या, इतक्या मोठ्याने की बाहेर तिच्या गाईच्या घंटेतली लोकर काढत असलेला झाबेराम दारातून डोकावला आणि परत गेला. पलीकडून बाबू एक शब्द बोलले नाहीत, ऐकत राहिले. शिव्या संपल्या तेव्हा तिला कळलं की आपण रडतोय.

"माघात परत आलात तर दारात उभं करणार नाही," ती म्हणाली. "जेठात, उन्हाळ्यात या. जेठात मी दिवसभर ओरडते."