जनरलसाहेबाच्या फोटोचे अकरा खिळे

लॉकडाऊनमध्ये इथे ऑस्ट्रेलियात, वेरिबीला, आम्ही दुधाच्या कॅनवरसुद्धा संशय घ्यायचो. पुसल्याशिवाय तो फ्रिजमध्ये जायचाच नाही. पार्सलवाला खोकला, की सूनबाई ते पार्सल दोन दिवस गराजमध्ये ठेवायची. पण त्या दिवसांत मला माझ्या आबांवरच, सख्ख्या वडिलांवरच संशय येईल, असं कुणी म्हणालं असतं तर मी त्याची चांगली खरडपट्टी काढली असती.

आबा लढाईच्या आधी पुण्याच्या कॅम्पात एका गोऱ्या साहेबाचे ऑर्डर्ली होते. साहेब तेव्हा लेफ्टनंट कर्नल. त्याचे बूट, पट्टा, पितळी बटणं सगळं आबांकडे. बटण घासताना कापडाला डाग पडू नये म्हणून मागून सरकवायची एक पितळी, फटीची पट्टी असते, ती अजून माझ्याकडे आहे. आबा सांगायचे, "साहेबाच्या कॉलरवर बढतीच्या लाल पट्ट्या आल्या आणि आपलं काम दुप्पट झालं." पुढे तो जनरल झाला आणि लढाई लागल्यावर फौज घेऊन मलायात गेला. आबा सोबत होतेच, शिवाय त्याच फौजेत आमच्या गावचे सात जण.

तिथे हार झाली. सातही जण जपान्यांच्या कैदेत गेले. लढाई संपल्यावर दोघे परत आले, तेही काठीसारखे होऊन. आबा मात्र लढाई ऐन भरात असताना घरी आले होते. कसे, ते कुणी विचारायचं नाही. "साहेबाने कामगिरीवर पाठवलं," एवढंच. नळावर बाया कुजबुजायच्या आणि मी जवळ गेले की गप्प व्हायच्या. मला वाटायचं, जळतात मेल्या!

नंतर साहेबाने विलायतेहून फोटो पाठवला, छातीभर पदकं लावलेला. आबांनी स्वतः चौकट केली, मागून पुठ्ठा ठोकला. म्हणाले, "मागे साहेबानं लिहिलंय, माझ्या शूर शिपायाला." झालं! दर खंडेनवमीला आबांचा पट्टा, ती पितळी पट्टी आणि जनरलसाहेब, सगळ्यांना गंधफूल. आई गेल्यावर मी हे सगळं बॅगेतून ऑस्ट्रेलियाला आणलं आणि इथेही पूजा चालू ठेवली.

आमच्या कुंपणापलीकडे एक म्हातारा गोरा राहतो, एकटाच. त्याचा बापही मलायात पकडला गेला आणि कैदेतच मेला. "माझे आबा पण तिथेच लढले," असं मी ऐटीत सांगितलं, तेव्हा त्याने डोक्यावरची टोपी काढली होती. लॉकडाऊनमध्ये तो कुंपणावर लिंबांची पिशवी ठेवायचा, मी शिऱ्याचा डबा. आठवड्यात माझ्याशी बोलणारा घराबाहेरचा तेवढा एकच माणूस.

तर खंडेनवमीच्या आदल्या दिवशी नातीला ऑनलाइन शाळेसाठी घरातली जुनी वस्तू दाखवायची होती. काचेवर उजेड चमकतो म्हणून तिने चौकट उघडायला घेतली.

"आजी, एवढ्याशा फोटोला अकरा खिळे? दॅट्स सो सस!"

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे संशयास्पद. समवन डिडन्ट वॉन्ट इट ओपन्ड."

पुठ्ठा निघाला. मागे इंग्रजीत खरंच लिहिलेलं होतं. नातीने दोनदा वाचलं आणि मराठीत सांगितलं, "शेवटच्या बोटीपर्यंत माझी बॅग वाहून आणणाऱ्या विश्वासू ऑर्डर्लीस."

म्हणजे फौज मागे ठेवून जनरल बोटीत चढला, आणि आबा त्याची बॅग घेऊन त्याच्या मागे. वर ती पदकं! आबांना ते वाचता येत नव्हतं का? तसं असेल तर अकरा खिळे कशाला?

मुलगा म्हणाला, "आई, जाऊ दे ना. म्हाताऱ्याला कोण सांगायला जातंय?"

"त्याने माझ्यासमोर टोपी काढलीय रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्क लावून, नातीला सोबत घेऊन कुंपणाशी गेले. अडेल तिथे नात इंग्रजी करून सांगत होती. सगळं सांगितलं, बोटीसकट. तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. मास्कमागचा माणूस रागावलाय की काय, ते कळेना हो!

मग त्याने विचारलं, "तुझ्या बापाचं वय काय होतं?"

"बावीस."

"चल म्हणून विचारलं होतं, की हुकूम होता?"

"नाही माहीत मला."

"माझ्या बापाला थांबतोस का म्हणून कुणी विचारलं नव्हतं," तो म्हणाला आणि आत निघून गेला. टोपी डोक्यावरच होती.

घरात येऊन मी पूजा मांडली. आबांचा पट्टा पुसला, पितळी पट्टी घासून लखलखीत केली, दोन्हींना गंधफूल वाहिलं. जनरलसाहेबाला उताणा ठेवावा की पालथा, ते सुचेना. शेवटी त्याला अकरा खिळ्यांसकट एका पाकिटात घातला आणि नातीच्या हातात दिला. म्हटलं, "शाळेत दाखव. मागची बाजू आधी दाखव."

शिरा मात्र रोजच्यासारखा केला आणि डबा कुंपणावर ठेवून आले. दुपारपर्यंत तो तिथेच होता. संध्याकाळी बघितलं तर डबा नव्हता. लिंबंही नव्हती.