मुंगीसाठी ठेवलेली फट

कचेरीत त्याला शंकासुर म्हणत, आणि ते नाव त्याने कमावलेलं होतं. स्वतःच्या दाराचं कुलूप ओढून पाहणारे पुष्कळ असतात. हा जाता जाता शेजाऱ्याचंही ओढून पाहायचा. बायको म्हणे, "दुधावर साय धरली तरी तुम्ही विचाराल, ही कुठून आली?"

अशा माणसाने एका छोट्या प्रोग्रॅमिंग भाषेला डेटाबेसशी जोडणारा दुवा लिहिला होता. बाकीचे दुवे म्हणजे अख्खं बिऱ्हाड. याच्या आज्ञा चारच: उघड, विचार, लिही, मिट. लिहिताना मध्येच काही बिघडलं, तर अर्धवट नोंद तो मागे घेई आणि "पुन्हा लिहा" म्हणे. लोक तो फुकट वापरत.

आता डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्यासमोर बसायला मनाई केली होती. नवी आवृत्ती सोडण्याची किल्ली कुणाला तरी द्यायलाच हवी, नाहीतर आयुष्यभराचं काम पडून गंजणार. हाताशी होती एकटी मुंगी. हे तिचं टोपणनाव. परगावची बाई, कधी न पाहिलेली, वर्षभर बिनपगारी दुरुस्त्या पाठवणारी. सगळ्या चोख. तिथेच त्याच्या मनात पाल चुकचुकली. इतकं चांगलं कुणी उगाच वागतं का?

मग त्याने सापळा लावला. अर्धवट नोंद मागे घेणारा भाग काढून मुद्दाम फट ठेवली आणि ती प्रत मुंगीपुढे तपासायला ठेवली. फट दाखवली तर प्रामाणिक, गप्प बसली तर चोर. मुंगीने दोन किरकोळ सूचना केल्या. फटीबद्दल चकार शब्द नाही.

"बघ, सापडला चोर!" तो बायकोला म्हणाला. आणि तिचा हात लागण्याआधी म्हणून त्याने घाईघाईने स्वतःच नवी आवृत्ती सोडली. काढलेला भाग परत घालायचा राहिला, आणि सोडली ती नेमकी फटीची प्रत. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी मेहुणीचा फोन आला. ती दवाखान्यात नोंदी ठेवायची, त्याच्याच दुव्यावर. "भाऊजी, पेशंटची नावं चढलीत, पण दिलेल्या औषधांचे रकाने कोरे! एका आजींना तेच औषध पुन्हा देत होते. आजींनीच नको म्हटलं म्हणून बरं."

तो तसाच दुरुस्त करायला बसला, तर अक्षरं नीट दिसेनात. शेवटी त्याने मुंगीला फोन लावला, पहिल्यांदाच.

"ती फट तुम्हाला दिसली नव्हती?"

"पहिल्याच वाचनात दिसली, सर."

"मग बोललात का नाही?"

"तुमच्या हातून अशी चूक होत नाही. म्हणजे मुद्दाम ठेवलेली. म्हटलं, मी हात लावायचा आणि आळ माझ्यावरच यायचा. वर्षभर माझी प्रत्येक ओळ तुम्ही उलटसुलट करून पाहिलीत, सर."

त्याला लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चूक माझी," तो म्हणाला. "एवढं सावरा. आणि आजपासून किल्ली तुमची."

"फट आत्ता बुजवते. किल्ली नको."

"आता कुठेही काही ठेवलेलं नाही. शपथ घेतो."

"तुम्ही खरंच सांगत असाल, सर," मुंगी म्हणाली, "पण मला ते आता खरं वाटणार नाही."