कोल्ड रूममधला कॉम्प्युटर

पिंपळगाव बसवंतला मामांचं द्राक्षाचं पॅकहाऊस आहे, आणि पेट्यांवरची लेबलं मामी छापते. सातवी शिकलेली बाई पन्नाशीत एका बोटाने टाइप करायला शिकली आणि दोन हंगामांत ते टेबल तिचं झालं. मग ऐन मार्चमध्ये कॉम्प्युटर दर अर्ध्या तासाने तापून बंद पडायला लागला. मामांनी जाहीर केलं, रविवारपर्यंत नीट झाला तर ठीक, नाहीतर लेबलं नाशिकहून छापून आणायची. छापखान्याला तसा फोनही करून ठेवला. त्यांच्यासमोर मामीने मान डोलावली, मला मात्र, कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या भाचीला, दिवसातून तीन फोन.

रविवारी सकाळी मी पोचले तर कॉम्प्युटर टेबलावर नव्हताच. मामांनी तो कोल्ड रूममध्ये नेऊन ठेवला होता, द्राक्षाच्या पेट्यांशेजारी, चालू.

"तापलेला माल थंड करायचा असतो. एवढं कळतं आम्हाला," मामा म्हणाले.

बाहेर काढल्याबरोबर त्याला दरदरून घाम फुटला. मी कपाळावर हात मारला. मग तो बंद करून, उघडून आम्ही दोघी दुपारपर्यंत वाळवत बसलो. मामी त्याला पदराने टिपत होती आणि मी हसू दाबत होते.

शहाणपणात मी तरी कुठे मागे होते? धूळ काढली, पंखा बदलला, प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली, तरी तो तापतच राहिला. शेवटी, जो आधी वाचायला हवा होता, तो सिस्टीमचा लॉग, म्हणजे मशीन स्वतःच ठेवतं ती नोंदवही, वाचला. त्यात सरळ लिहिलं होतं, की प्रोसेसरचे कमी-जास्त वेग कोणते, ही माहिती बायोसने दिलेलीच नाही. बायोस म्हणजे मशीन सुरू करून देणारा, बोर्डावरच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम. बोर्ड जुना, प्रोसेसर कुणीतरी मागाहून नवा बसवलेला, तो जुन्या बायोसच्या ओळखीचाच नव्हता. काम असो नसो, बिचारा पूर्ण वेगाने पळत होता.

"म्हणजे चढ असो का उतार, टेम्पो एकाच गिअरात?" मामांनी विचारलं. इतकं नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

कंपनीच्या साइटवर नवा बायोस मिळाला. पण तो भरताना लाइट गेली तर बोर्ड कायमचा गेला, आणि त्या दिवशी लाइट चार वेळा गेली होती. मी हे सांगितलं आणि मामीचा चेहरा उतरला.

मामांचा जनरेटर फक्त द्राक्षासाठी. पाहुणे उकाड्याने हैराण झाले तरी तो सुरू होत नाही. मामा उठले, मागे गेले आणि जनरेटर धडधडू लागला. मी नवा बायोस भरायला घेतला.

पॅकिंगच्या बायका हातातलं काम टाकून पडद्याभोवती जमल्या. टक्क्यांचा आकडा सरकत सरकत शंभरावर पोचला. मशीन पुन्हा सुरू झालं, पंखा एकदा गरजला आणि शांत झाला.

"गेला. बंद पडला," मामा म्हणाले.

"अहो, चालू हाय," मामी म्हणाली, आणि एका बोटाने टाइप करून तिने लेबल काढूनही दाखवलं. तासभर ती छापत राहिली, तरी मशीन कोमटच. मला इतका आनंद झाला की मी चक्क टाळ्या वाजवल्या.

मामांनी खिशातून मोबाइल काढला. "त्या छापखानेवाल्याला नको म्हणून सांगायला पायजे."

मामीने हात पुढे केला. "द्या इकडं. मीच सांगते."