ग्रंथात आई पाण्यात उतरत नाही

“मॅडम, ये मुर्दे लोक गीले येणार की सूखे?”

लछूभाईंनी हे विचारलं तेव्हा मी चहा पीत होते. लछूभाई म्हणजे आमचे कपडेवाले. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये त्यांचं दुकान आहे. देव, राक्षस, राजे, सैनिक, सगळ्यांचे कपडे तिथून भाड्याने येतात. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका बंद पडलेल्या कंपनीच्या शेडमध्ये आमचं हस्तिनापूर उभं होतं, आणि सिंहासनापर्यंत केमिकलचा वास यायचा.

“कोरडे,” मी म्हटलं.

“नदी में से निकलणार आणि सूखे?”

“ग्रंथात दिव्य वस्त्रं लिहिली आहेत. दिव्य वस्त्रं निथळत नसतात.”

लछूभाईंनी दिग्दर्शकाकडे पाहिलं. दिग्दर्शक म्हणजे विक्रम सर. वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढे, पण सेटवर सगळेच एकमेकांना सर म्हणतात. ते म्हणाले, “ओले. पाण्यातून माणूस कोरडा आला तर लोक हसतील, मॅडम.” मी मान हलवली. अशा छोट्या लढाया मी सोडून देते, नाहीतर मोठ्या लढायला दम उरत नाही.

माझं काम आधी सांगते. मी कॉलेजात संस्कृत शिकवायचे. निवृत्त झाल्यावर या महाभारताच्या मालिकेवर ग्रंथ-सल्लागार म्हणून लागले. मालिकेत दाखवतो ते मूळ ग्रंथात आहे का, एवढंच मी सांगायचं. दिवसातून पन्नास वेळा माझ्या तोंडी एकच वाक्य असतं, “ग्रंथात नाही.” युनिटमधली पोरं माझ्या मागे याच वाक्याची नक्कल करतात, आणि फार छान करतात.

विक्रम सर एकदा वैतागून म्हणाले होते, “मॅडम, तुमचं घर बौद्ध. तुमचा यावर विश्वासही नाही. मग एवढं भांडता कशाला?”

“विश्वास तुमचा आहे, म्हणून तुम्ही हक्काने बदलता,” मी म्हटलं. “मी फक्त वाचते.”

आता तो प्रसंग. युद्ध संपून बरीच वर्षं झाली आहेत. म्हातारे धृतराष्ट्र-गांधारी वनात राहतात. दुःख काही केल्या ओसरत नाही. तेव्हा व्यास गंगेत उतरतात आणि युद्धात मेलेल्या सगळ्यांना हाक मारतात. आणि ते येतात. पाण्यातून वर येतात, अंगावर दिव्य वस्त्रं, मनात ना राग ना वैर. रात्रभर आपल्या माणसांना भेटतात आणि पहाटे पुन्हा पाण्यात जातात. मग व्यास म्हणतात, ज्या स्त्रियांना आपल्या पतीसोबत जायचं असेल त्यांनी नदीत उतरावं. त्या उतरतात.

हे बहुतेक लोकांना माहीतच नसतं. मलाही पहिल्यांदा वाचताना अंगावर काटा आला होता.

चॅनेलला मेलेले लोक हवे होते, पण विधवांचं पाण्यात जाणं नको होतं. उगाच गदारोळ होईल म्हणे. मी म्हटलं, मग अख्खा प्रसंगच करू नका, अर्धा ग्रंथ दाखवून वर ‘मूळ कथेनुसार’ अशी पाटी लावू नका. शेवटी ठरलं की बायका कमरेइतक्या पाण्यात जातील, लांबून दाखवायच्या, त्यावर निवेदन नाही. हे होतंय तोच विक्रम सरांना नवीन सुचलं. “आयाही जाऊ देत. गांधारी शंभर मुलांच्या मागे पाण्यात जातेय. काय फ्रेम होईल!”

“आई जात नाही,” मी म्हटलं. “फक्त मेलेल्यांच्या बायका जातात. आया काठावर राहतात.”

“इमोशन बघा ना, मॅडम.”

“ग्रंथात नाही.”

या मुद्द्यावर मी हटून बसले. सरांनी हात टेकले. आया काठावर.

शूटिंग बदलापूरच्या पुढे, जांभूळच्या अंगाला, उल्हास नदीच्या काठी होतं. थंडीचे दिवस होते. प्रसंग रात्रीचा, पण शूट भर दुपारी. याला ‘डे फॉर नाइट’ म्हणतात. उन्हातच शूट करायचं, आकाश फ्रेममध्ये येऊ द्यायचं नाही, आणि नंतर चित्र निळं-काळं करून रात्र बनवायची. त्यामुळे लख्ख उजेडात मशाली पेटवल्या होत्या. धुराची मशीनं पाण्यावर धूर सोडत होती. मोठ्या स्पीकरवर तंबोऱ्यासारखा एकच सूर लावला होता, कारण या शॉटला आवाज रेकॉर्ड करायचा नव्हता. भर उन्हात शेदीडशे माणसं रात्र असल्यासारखी हळू चालत होती. मला ते बघवेना. रात्री भीती वाटली तर दिवा लावता येतो, इथे काय लावणार?

मेलेले आणि त्यांचे नातेवाईक म्हणजे ज्युनिअर आर्टिस्ट, गर्दीत उभी राहणारी माणसं. त्यातली बरीच जवळपासची होती. जेवणाच्या सुट्टीत एक बाई ताट घेऊन माझ्याशेजारी बसल्या. सुनंदाताई, बदलापूर पूर्वेला शिरगावात राहणाऱ्या, पॅकिंगच्या कंपनीत कामाला. आयांच्या घोळक्यात त्यांना उभं केलं होतं.

“तुम्ही पुस्तकवाल्या मॅडम ना?” त्यांनी विचारलं. “हे खरंच लिहिलंय, की टीव्हीवाल्यांनी घातलंय?”

“लिहिलंय.”

“माझा सागर ह्याच नदीत गेला. मित्रांबरोबर पोहायला आलेला. बॉडी नाय मिळाली.” त्या भात कालवत बोलत होत्या. “आमच्या लाइनमधली एक बाई बोलली, शूटिंगमध्ये मेलेली पोरं पाण्यातून भायेर येणार हायत. म्हणून सुट्टी टाकून आले.”

मी ताट खाली ठेवलं.

“ती पोरं आईला भेटतात?”

“भेटतात.”

“मग?”

“मग परत जातात.”

“आणि आई?”

“आई काठावरच थांबते.”

“का?”

इतकी वर्षं शिकवलं, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. “ते लिहिलेलं नाही, ताई,” मी म्हटलं.

जेवण झाल्यावर मी सहाय्यक दिग्दर्शकाला बाजूला घेतलं, सगळं सांगितलं, आणि या बाईंना घरी पाठव म्हटलं. सुनंदाताई जायला तयार होईनात. मग त्याने त्यांना अगदी मागच्या रांगेत, पाण्यापासून लांब उभं केलं. मलाही ते पुरेसं वाटलं.

शेवटचा शॉट परतीचा होता. मेलेले पुरुष रांगेने पाण्यात जाणार, धुरात शिरणार, आणि फ्रेमबाहेरच्या एका खडकामागे जाऊन उभे राहणार. कुणीही मागे वळून बघायचं नाही, असं सरांनी भोंग्यावरून बजावलं होतं. त्यानंतर बायका उतरणार. पाण्याखाली एक दोर बांधला होता, त्यांनी तिथे थांबायचं. दोराच्या पलीकडे डोह होता. खडकाजवळ वाडीतले पट्टीचे पोहणारे ट्यूब घेऊन बसवले होते. काशिनाथ त्यांचा म्होरक्या. त्यांना एकच सूचना होती, कट ऐकल्याशिवाय फ्रेममध्ये यायचं नाही.

आणि एक नियम सेटवर सगळ्यांना माहीत असतो. ‘कट’ फक्त दिग्दर्शक म्हणतो. आग लागली तरी तोच म्हणतो.

शॉट सुरू झाला. पुरुष गेले. धुरात एकेक पाठ दिसेनाशी झाली. मग पांढऱ्या वस्त्रांतल्या बायका उतरल्या आणि दोराशी थांबल्या. मी मॉनिटरजवळ, विक्रम सरांच्या मागे उभी होते. मॉनिटर म्हणजे कॅमेऱ्याला दिसतं ते दाखवणारा छोटा टीव्ही. त्यात डावीकडून एक करडी शाल पुढे आली. करडी शाल म्हणजे आई. सुनंदाताई आयांच्या रांगांमधून वाट काढत आल्या, बायकांच्या मधून गेल्या आणि दोराखालून वाकून पलीकडे निघाल्या. घाई नव्हती. ओळखीच्या घरात शिरावं तशा त्या चालल्या होत्या.

“वा!” विक्रम सर पुटपुटले. “रोल ठेव, कॅमेरा बंद करू नको. कुणी हलू नका. रोल ठेव.”

“सर, त्या अभिनय करत नाहीयेत,” मी म्हटलं.

“शू!”

“सर, आई जात नाही!”

“मॅडम, प्लीज! आत्ता ग्रंथ नको!”

पाणी त्यांच्या छातीशी आलं. त्या थांबेनात. त्यांची नजर धुरात एका जागी होती. मी ओरडले, “आई जात नाही! ग्रंथात आई जात नाही!” त्या तंबोऱ्याच्या सुरात कुणाला ऐकू जाणार? ज्यांना गेलं ते हसले, त्यांना ते माझं रोजचंच वाटलं. मग मी टेबलावरचा भोंगा उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द उच्चारला.

“कट!”

सगळं एकदम सुटलं. सूर बंद पडला. बायका पदर पिळत मागे वळल्या. आणि खडकाआडून काशिनाथने सूर मारला.

त्याने त्यांना केसांना धरून बाहेर काढलं. नाकातोंडात पाणी गेलं होतं, पण शुद्ध होती. तो धापा टाकत मला म्हणाला, “म्याडम, मी बगत व्हतो. पन कट झाल्याबिगर जायाचा नाय, असा सायबानी सांगितलेला.” विक्रम सर खाली वाळूत बसले होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला त्या क्षणी त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण मी त्यांना पाण्याची बाटली दिली.

सुनंदाताईंना मी माझ्या शालीत गुंडाळलं. डॉक्टर येईपर्यंत त्या एकच सांगत होत्या.

“सागर वळला. बाकीचे कोणी नाय वळले, तो वळला. त्याने हात केला.”

“ये म्हणून?”

“तेच नाय कळलं,” त्या म्हणाल्या. “म्हणून जवळ जात होते.”

दोन-तीन दिवसांनी एडिटरने मला अंबरनाथला बोलावलं. शेडमागच्या एका खोलीत तो शूट केलेलं जोडायला बसायचा. “मॅडम, एक बघा,” म्हणाला. त्याने तो शॉट लावला. पुरुष गेले, धूर उरला. सगळे खडकामागे गेल्यावर, बायका उतरत असताना, धुरात एकजण उभा होता. पाठमोरा. मग तो वळला. चेहरा धुरामुळे कळत नव्हता. त्याने हात वर केला आणि तसाच ठेवला. पुढच्या धुराच्या लोटात तो दिसेनासा झाला.

“हा कोण?” एडिटरने विचारलं. “सगळ्यांना विचारलं, कुणी कबूल करत नाही. सर ओरडतील म्हणून असेल.”

“असेल,” मी म्हटलं. “जरा पुन्हा लाव.”

तिसऱ्यांदा बघताना मला दिसलं. त्याच्या खांद्यावरचं उपरणं वाऱ्यावर उडत होतं. ओलं कापड असं उडत नाही, ते अंगाला चिकटून बसतं. आधीच्या शॉटमधल्या सगळ्यांची तशीच चिकटलेली होती.

मी बाहेर येऊन लछूभाईंना फोन लावला. नदीवरून सगळी उपरणी ओली परत आली का, एवढंच विचारलं.

“सगळी, मॅडम! एक भी सूखा नाय. पूरा दुकानात दोरी बांधून सुखवतोय. तुमचा ऐकला असता तर माझा वांधा झाला नसता.”

एडिटरला मी काही सांगितलं नाही. त्याच्याकडून तेवढा तुकडा मोबाईलवर घेतला आणि शिरगावला गेले. दाखवावा की नाही, हे रिक्षात बसूनही ठरत नव्हतं. वाटलं, या बाई पुन्हा नदीवर गेल्या तर? पण तो हात मी नीट पाहिला होता, आणि त्यांनी तो नीट पाहिला नव्हता. तेवढ्यासाठीच त्या डोहापर्यंत गेल्या होत्या.

सुनंदाताईंनी मोबाईल दोन्ही हातांत धरला. एकदा पाहिलं. पुन्हा पाहिलं. तळवा आपल्याकडे, बोटं सरळ वर. रस्ता ओलांडणाऱ्या पोराला आपण करतो तसा.

“थांब म्हणतोय,” त्या म्हणाल्या.

मग त्या रडल्या. बराच वेळ रडल्या, आणि उठून त्यांनी चहा टाकला. मला म्हणाल्या, “कपडे कोरडे हायत वो त्याचे.”

“हो,” मी म्हटलं. “तसंच लिहिलंय.”

मालिकेत तो प्रसंग आला. विधवांचं पाण्यात उतरणं चॅनेलने शेवटी कापलंच, पण धुरातला तो माणूस ठेवला, कारण विक्रम सरांना ती फ्रेम फार आवडली. ठेवण्यापूर्वी त्यांनी मला विचारलं होतं, “मागे वळणं ग्रंथात आहे का, मॅडम?” मी म्हटलं, नाही. पण त्या अख्ख्या शॉटमध्ये ग्रंथाला धरून कपडे घातलेला तो एकटाच आहे, राहू द्या.

नव्या करारात माझ्यासाठी एक कलम घातलंय, सल्लागाराने सेटवर ‘कट’ म्हणू नये. मी सही केली. सोबत माझी एक अट घालून घेतली. पाण्याचा शॉट असेल तर भोंगा माझ्या हाताशी ठेवायचा.