सतराव्या होलवरचं गाजरगवत

गोल्फ हा खेळ मला कधीच आवडला नाही. एवढासा चेंडू, एवढं मोठं रान, आणि चार तास कुणी ओरडायचंसुद्धा नाही! मी ईट गावच्या शाळेत बावीस वर्षं खेळाचा शिक्षक आहे. आम्हाला कबड्डी कळते. तरीही गेल्या फेब्रुवारीत चार दिवस रजा टाकून मी पुण्याजवळच्या एका मैदानावर दोरीबाहेर उभा होतो. कारण आत माझा जुना विद्यार्थी महारुद्र खेळत होता आणि त्याची बॅग त्याच्या आईच्या, धुरपदाबाईंच्या खांद्यावर होती.

महारुद्र तेवीस वर्षांचा. दहावी झाल्यावर तो पुण्याला मामाकडे गेला. मामा मैदानाचं गवत राखायचा आणि हा खेळाडूंच्या बॅगा उचलायचा, म्हणजे कॅडी होता. सोमवारी सभासदांना मैदान बंद, तेव्हा कॅडींना खेळू देत. तेवढ्यावर पोरगा शिकला. लॉकडाउनमध्ये सात जुन्या स्टिका घेऊन गावी आला आणि ज्वारी काढलेल्या रानात चेंडू मारत सुटला. गाव हसलं. मीही हसलो, लपवत नाही. धुरपदाबाई मात्र धसकटांतून चेंडू वेचून आणायच्या. हळूहळू चेंडू कुठं वळेल तेही त्या आधीच सांगायला लागल्या. जन्मभर पिकाला पाणी दिलेली बाई. उतार नुसता बघून पाणी कुठं धावेल ते त्यांना कळायचं, आणि चेंडूही तिकडंच जायचा. म्हणून व्यावसायिक झाल्यावर महारुद्रनं कॅडी म्हणून आईलाच घेतलं. साडी खोचलेली, पायात लेकाचे जुने बूट. बाकीचे खेळाडू पहिल्या दिवशी वळून वळून बघत होते.

ही त्याची पात्रता स्पर्धेची दुसरी खेप. पहिल्या वर्षी सपाटून मार खाल्ला होता. चार दिवसांअखेर पहिल्या तिसांत आला तर कार्ड, म्हणजे वर्षभर मोठ्या स्पर्धांत खेळायची मुभा. नाही तर पुन्हा दुसऱ्यांच्या बॅगा.

शेवटच्या दिवशी अठरापैकी सोळा होल झाले तेव्हा मी मोबाइलवर यादी बघितली. महारुद्र तिसांत होता आणि एक फटका जास्त लागला तरी चालणार होतं; या खेळात कमी फटके मारणारा पुढं. दोनच होल राहिले होते.

सतराव्याला त्याचा चेंडू दोरीलगतच्या उंच गवतात, माझ्यासमोरच गेला. तो पुढं जाऊन अंतर बघत होता. धुरपदाबाई चेंडूपाशी उभ्या होत्या. चेंडूच्या अगदी मागं गाजरगवताचं एक कोवळं रोप होतं. बाई वाकल्या, रोप उपटलं, मुळाची माती झटकली आणि बाजूला टाकलं. चाळीस वर्षं खुरपं धरलेला हात तो, त्याला कुणी सांगावं लागत नाही.

या खेळात चेंडूजवळ उगवलेलं काही उपटायचं नसतं. कॅडीनं उपटलं तरी दंड खेळाडूलाच, दोन फटक्यांचा. हे मला तोवर ठाऊक झालं होतं. त्याच्याबरोबर खेळणारे दोघं पलीकडे होते, पंच लांब. कुणाला दिसलं नाही. मला दिसलं. आणि खरं सांगतो, मी मान वळवून झाडाकडं बघायला लागलो. मनात म्हणालो, लेका, गुमान फटका मार आणि चल.

महारुद्र परत आला. रोपाकडं बघितलं, मग जमिनीतल्या खळीकडं.

"आई, हे तू उपटलं?"

"व्हय. तुला आडवं येत हुतं की."

त्यानं हात वर करून पंचांना बोलावलं.

दंडाचं ऐकल्यावर बाई गुडघ्यावर बसल्या. ते रोप त्यांनी खळीत खुपसलं, बोटांनी माती दाबली. "साहेब, परत लावलं बघा. मूळ तुटलं न्हाय. जगंल त्ये."

पंच भला माणूस होता. खाली मान घालून म्हणाला, "मावशी, आता नाही चालणार."

दंडाचे दोन फटके वाढले आणि महारुद्र तिसांतून एका फटक्यानं बाहेर गेला. अठराव्याला एक फटका वाचवला तरच कार्ड. त्यासाठी बारा फुटांवरून चेंडू एका फटक्यात आत जायला हवा होता. त्यानं आईकडं बघितलं.

"म्या न्हाय सांगत," बाई मागं सरल्या. "माझं ऐकू नगंस आता."

त्यानं स्वतःच अंदाज घेतला. चेंडू सरळ निघाला आणि शेवटी डावीकडं वळून भोकाच्या कडेनं निघून गेला. बाईंनी डोळे आधीच मिटले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गाडीतून आम्ही निघालो. जामखेड मागं पडलं. मग महारुद्र एकदम म्हणाला, "आई, त्या दोन फटक्यांनी काय झालं न्हाय. ते नसते तरी म्या बाहेरच हुतो."

"गुरुजी, गाडी थांबवा," धुरपदाबाई म्हणाल्या.

मी कडेला घेतली.

"मला लिवता येत न्हाय, पर मोजता येतं. एकानं गेलं तुझं. आन् दोन माझे हुते."

"तसं न्हाय, आई…"

"तिथं कुनी बघितलं नसताना खरं बोललास. समद्या जगासाठी खरं, आन् आईसाठी खोटं? येवडी परकी झाले व्हय रं मी?"

त्यानं तोंड खिडकीकडं वळवलं. मी इंजिन बंद केलं.

"म्हन," त्या म्हणाल्या, "आई, तुझ्यामुळं गेलं."

"आई, नको ना."

"म्हन."

शेवटी तो म्हणाला, "व्हय आई. तुझ्यामुळं गेलं." आणि काल पंचांपुढं ज्याचा आवाजही हलला नव्हता तो पोरगा हमसून हमसून रडायला लागला.

बाईंनी त्याला रडू दिलं. मग पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली.

"आता चला, गुरुजी," त्या म्हणाल्या. "आन् तू, त्या खेळाचे काय नेम-कायदे असतील ते मला घर येईस्तोवर सांग. एकूणएक."